नख रुतलं पाहिजे

मांडवगण फराटा,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे मी खुशाल आहे, काळजी तुझी वाटते. सातवा लागला ना? डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय तर झोपूनच राहा. लहानपणी झोप म्हटलं की पळत सुटायचीस, तो खेळ आता नको.

तू पुन्हा कानातलं मशीन घालायला सांगितलंस. ते घातलं की माणसं ऐकू येत नाहीत, नुसतं कुईं कुईं ऐकू येतं. साखर कारखान्याच्या मिलवर तीस वर्षं काढली, कान तिथंच राहिले. फोनवर तू ओरडायचं, मी भलतंच उत्तर द्यायचं आणि वस्तीनं हसायचं, त्यापेक्षा पत्र बरं. पोस्टमन चार दिवस लावतो, पण लिहिलेलं सगळं पोचतं.

पत्रास कारण आपला खंड्या. तुझी आई गेल्यापासून कुत्र्याला चावायचा नाद लागलाय. आधी माझी चप्पल खाल्ली, मग बाजेचा पाय कुरतडला, आणि परवा शेजारच्या सत्यजीतच्या उसातले ठिबकचे पाइप फोडून ठेवले. सत्यजीत साखळी घेऊनच दारात आला. आबा, कुत्रं बांधा न्हाईतर मलाच काय ते बघावं लागंल, असं म्हणाला. ओठांवरून मला एवढं कळतं. पोरगा वाईट नाही, पण ऊस त्याचा आहे.

आता बांधलं तर माझं कसं व्हायचं? दारात कोणी आलं की खंड्याच माझं धोतर ओढतो. गेल्या महिन्यात बिबट्या गोठ्यामागं आला तेव्हा त्यानंच मला आत ढकललं. आणि तुझी अटही मी विसरलेलो नाही. खंड्या धडधाकट आहे तोवर मी वस्तीवर एकटा राहायचं, नाहीतर मुकाट्यानं दौंडला यायचं. दौंडात तुमच्या दुसऱ्या मजल्यावर मी काय करू? मालगाडीचे डबे मोजू?

तेव्हा तुमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांना एवढंच विचार की याला चावायला काय द्यावं. शेतात मिळेल असं सांगितलं तर उत्तम. जावईबापूंना नमस्कार. पोटातल्याला आशीर्वाद.

पत्राची वाट पाहतो.
तुझा,
आबा

दौंड,
९ डिसेंबर २०२४

ती. आबांच्या चरणी,
अनुपमाचा शि. सा. नमस्कार वि. वि. तुमचं पत्र परवाच मिळालं. मी झोपूनच आहे, उशीवर वही ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय. तुम्ही माझ्या अक्षराला तेच म्हणायचात.

जनावरांच्या डॉक्टरबाईंशी मी स्वतः फोनवर बोलले. अर्धा तास बोलत होत्या. त्यांचं म्हणणं, कुत्रं एकटं पडलं, कंटाळलं की चावत सुटतं, ते काही खोडसाळ नसतं. हे ऐकून मला आईच आठवली. पिल्लू असताना तिनं त्याला पदरात घालून बाजारातून आणलं होतं, आणि सगळ्यात जास्त तेच तिच्या पायात असायचं.

आता नीट वाचा. उसाचं कांडं अजिबात द्यायचं नाही, चोयट्या आतड्यात अडकतात. बाभळीचं लाकूडही नको. नालबंद बैलाच्या नख्या तासतो ते तुकडे खंड्या पळवतो ना, ते आणि शिंग, दोन्ही नको. फार कडक असतं, दात मोडतो. दुकानातला कातड्याचा गोळा पोटात फुगतो, तोही नको. मोठं गाजर चालतं. रताळ्याच्या जाड फोडी वाळवून दिल्या तर चालतात. हाड द्यायचं तर कच्चं द्यायचं आणि त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं. सगळ्यात सोपी खूण बाईंनी सांगितली ती अशी, की कुठल्याही वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नख रुतलं पाहिजे. नाही रुतलं तर ती वस्तू त्याच्या दातांसाठी नाही. आणि तो चावत असेल तेव्हा तुम्ही जवळ बसायचं.

तुमच्या जावयानं, विक्रमनं, याकच्या दुधाची एक कांडी आणलीय, डोंगरातले लोक करतात म्हणे. जीपवाल्याकडे देतोय. ती कुत्र्यासाठी आहे, तुम्ही चहात बुडवून खाऊ नका.

अट मी घातली ती तुमच्या मायेपोटी, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिबट्याचं वाचल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तब्येत जपा आणि मला रागवायचं राहिलं असेल तर पुढच्या पत्रात रागवा.

तुमची,
अनू

मांडवगण फराटा,
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं, कांडीही पोचली. दहा दिवस मी दिसेल त्यावर नख दाबत फिरतोय. सत्यजीतच्या म्हातारीला, तानुबाईला वाटलं मला खरूज झालीय. तिनं करंजाचं तेल पाठवलं.

गाजर खंड्यानं नेऊन लिंबाखाली पुरलं. वाळवलेलं रताळं एका घासात गिळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच उपाशी ठेवलंय. तुमच्या कांडीवर माझं नखच मोडलं, म्हणून ती तुझ्याच नियमानं बाद. चहात बुडवून मी फक्त चव घेतली. वाईट नाही.

मग राहिलं हाड. पण कच्चं कसं देणार? कुत्र्याच्या तोंडाला कच्चं रगत लागलं की ते शेळ्या-करडांवर जातं, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. सत्यजीतची आठ करडं रोज आपल्या बांधावर चरतात. एक जरी धरलं तर साखळीवर निभायचं नाही. तुमच्या डॉक्टरबाई शहरातल्या, त्यांना करडं कुठली ठाऊक. म्हणून मी डोकं चालवलं. बाजारातून बोकडाच्या मांडीचं मोठं हाड आणलं आणि रविवारी, खंडोबाचा वार म्हणून, कुकरमध्ये घातलं. चांगल्या नऊ शिट्ट्या दिल्या. मला ऐकू येत नाहीत, त्या खंड्याच्या कानांवरून मोजल्या. शिट्टी झाली की त्याचे दोन्ही कान उभे राहतात. स्वतःच्या जेवणाच्या शिट्ट्या त्यानंच मोजल्या म्हण.

बाहेर काढून नख दाबलं. रुतलं. मऊ झालं होतं. मी शेजारी बसलो आणि त्यानं तासाभरात सगळं संपवलं, कण ठेवला नाही. तुझी आई गेल्यापासून त्याला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं.

कालपासून जरा पडून असतो, खाणं कमी आहे. थंडी फार पडलीय. पाइप मात्र सगळे शाबूत आहेत, आणि सत्यजीतनं आज मला पाहून हात केला. तू आता माझी चिंता सोड.

बाळाला आणि तुला पुन्हा आशीर्वाद.
तुझा,
आबा

दौंड,
२८ डिसेंबर २०२४, सकाळी

ती. आबा,
सा. न. पत्र आत्ताच हातात पडलं. सत्यजीतचा फोन लागत नाही. हे चार शब्द विक्रमच्या हाती देतेय, तुम्हाला तोंडी सांगून कळणार नाही म्हणून.

खंड्याला लगेच त्याच्याबरोबर गाडीत घाला. पाणीसुद्धा पाजू नका. डॉक्टरबाई दवाखान्यात थांबल्यात. आबा, शिजवलेलं हाड कधीच द्यायचं नसतं. शिजलं की ते ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुयांसारख्या काचऱ्या होतात, आणि त्या आतडं फाडतात. कच्च्याचं तसं होत नाही. म्हणून कच्चं लिहिलं होतं.

कारण मात्र लिहिलं नाही. बाईंनी मला सांगितलं होतं. हात दुखायला लागला होता, आणि वाटलं, कच्चं म्हटलं की आबा कच्चंच देतील. नखाची खूण मात्र चांगली रंगवून लिहिली. मला उठता आलं असतं तर मी स्वतः आले असते. तुम्ही स्वतःला बोल लावू नका, कमी खातोय एवढंच आहे, बाई म्हणाल्या वेळेत आणलं तर काही करता येईल. निघा.

अनू

मांडवगण फराटा,
४ जानेवारी २०२५

चि. सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. विक्रमरावांनी तुला सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहायला हवं.

ते आले तेव्हा मी गोठ्यात होतो. पाठीमागं येऊन उभे राहिले तरी मला कळलं नाही. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकलो. खंड्या दारातच पडला होता, त्यानं मान उचलली, पण उठला नाही. तुझी चिठ्ठी मी उभ्यानंच वाचली. सत्यजीतनं त्याला गोणपाटावर घेऊन गाडीत ठेवलं. साखळी आणणारा तोच, पण त्याचेच डोळे भरले होते.

भीमेच्या पुलाच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या. एक उलटली होती, वाट बंद. विक्रमराव खाली उतरून लोकांच्या विनवण्या करत होते. खंड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याचे कान उभे राहिले, एकदाच, मागं कोणी हॉर्न वाजवला असेल. मग खाली पडले. पुलापलीकडे तू होतीस, पण मी गाडी मागं वळवायला सांगितली. त्याला लिंबाखाली ठेवलं. खड्डा खणताना ते गाजर सापडलं.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. माझं आधीचं पत्र मी चोवीस तारखेला लिहिलं. खंड्याला सोमवारी संध्याकाळी दोनदा ओकारी झाली होती. मंगळवारी सकाळी त्याला रक्त पडलं, ते मी पाहिलं आणि त्यावर राख टाकली. मग आत येऊन तुला थंडीचं लिहिलं. तो आजारी आहे हे कळलं की तू मला दौंडला नेशील, एवढंच माझ्या मनात होतं. वाटलं, दोन दिवसांत उठेल, कशाला सांगा. त्या दिवशी सत्यजीतच्या फोनवरून निरोप दिला असता तर मंगळवारीच गाडी आली असती, आणि पूल मोकळा होता. तू कारण लिहिलं नाहीस म्हणून रडतेस असं विक्रमराव म्हणाले. रडू नकोस. तू हात दुखला म्हणून लिहिलं नाहीस. मी जाणूनबुजून लिहिलं नाही. वस्ती वाचवायला गेलो आणि त्यालाच घालवून बसलो.

सत्यजीत नवं पिल्लू देतो म्हणाला. मी नको म्हटलं. माझ्या हाती पुन्हा जीव नको.

तेव्हा अट तुझी, मी हरलो. गोठ्यातली शेळी तानुबाईला दिली. कपडे बांधून ठेवलेत, मालगाड्या मोजेन. तुझ्या बाळाला मात्र माझ्याजवळ एकटं ठेवू नकोस. ते रडलं तरी मला ऐकू येणार नाही.

विक्रमरावांना सवड होईल तेव्हा पाठव. घाई नाही. त्यांना सांग, अंगणातून हाका मारत थांबू नका, सरळ आत या. कोण आलं ते आता मला कळत नाही, म्हणून दाराला कडी लावणं मी सोडलंय.

तुझा,
आबा