चौदा उभे, पेपरात नसलेलं

रविवार, ९ नोव्हेंबर

"बटणाचं घर, पुढे वाऱ्याची सुरुवात – अंधारात तेवढाच उजेड. (३)"

चौदा उभे. ऐकलं आणि पेन्सिल हातात तशीच राहिली. बटणाचं घर म्हणजे काज. वाऱ्याचा वा. काजवा! चकवा या टोपणनावाच्या माणसाचं रविवारचं कोडं मी वर्षानुवर्षं सोडवतेय, पण त्याच्या हातून एवढं सुंदर काही आलं नव्हतं. धक्काच बसला.

बाकी नेहमीचंच. पान मधोमध फाडलं – चौकट माझ्याकडे, सूत्रं ह्यांच्याकडे. लग्नापासूनची पद्धत. हे वाचणार, मी सोडवणार. ह्यांना कोड्यात गती नाही, वाचतात मात्र स्वच्छ. लहानपणी वेळणेश्वरी वडिलांकडे संथा घेतलेली – दोनदा ऐकायचं, तिसऱ्यांदा न बघता म्हणायचं – त्यामुळे उच्चार चोख.

तीन आडव्याला अडले. "सात दिवसांचा, तरी खायला आठ! (४)" हे पाणी प्यायला उठले आणि माठापाशी उभं राहून म्हणतात कसे, "स्टँडजवळचा तो वडेवाला तेल बदलतच नाही वाटतं." म्हटलं, अहो, मध्ये बोलू नका! लक्ष उडतं माझं. जरा वेळाने सुचलं – आठवडा.

मग ह्यांनी आपला अर्धा कागद नेहमीप्रमाणे बंबात घातला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. सांगावं लागलं. या माणसाचं लक्ष असतं कुठे!

'कोडेकर' गटावर समाचार टाकला. चकव्याच्या चार सूत्रांना झोडपलं. चौदा उभ्याला मात्र पैकीच्या पैकी. असं मी कधी देत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

चिपळूणची राजश्री गटावर लिहिते – "दमयंतीताई, चौदा उभे कुठल्या पेपरातलं घेतलंत? आमच्यात वेगळंच आहे."

मी लिहिलं – डोळे उघडून वाचा.

तिने फोटोच टाकला! "गनिमाच्या डावात जहाजाचं तोंड घुसलं, तर रात्री लुकलुकतं. (३)" म्हणजे कावा, त्याच्या पोटात ज. काजवाच. उत्तर तेच, सूत्र दुसरं. मग एकेकाने आपापल्या पेपरचे फोटो टाकले. सगळ्यांकडे गनिम आणि जहाज. बटण कुणाकडेच नाही.

गटातली, आमच्याच गावची उल्का तेवढी गप्प. एरवी माझी चूक सापडली की तिच्या घरी दिवाळी असते.

ह्यांना विचारलं. "वाचताना चुकलं असेल," म्हणाले आणि परसात गेले.

चुकून कुणी एवढं सुंदर वाचतं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वाचनालयात जाऊन मागचे रविवार काढायला लावले. मोबाइलमध्ये माझे समाचार होतेच. एकेक सूत्र ताडून पाहिलं.

मी ज्यांना "ओढूनताणून" म्हटलं, "बाळबोध" म्हटलं, त्यातली कितीतरी पेपरात नाहीतच! गणपतीच्या आधी एकाची स्तुती केली होती. तेही नाही. उत्तरं सगळी बरोबर आणि सूत्रं भलतीच.

सगळं पुन्हा पहिल्यापासून ताडलं. ग्रंथपाल बाईंनी पंखा लावला. "बरं वाटत नाहीये का काकू?" म्हटलं, बरी आहे.

मी इतके दिवस कुणाचं कोडं सोडवतेय?

बुधवार, १२ नोव्हेंबर

गॅसचा नंबर लावायला ह्यांचा फोन घेतला. माझा चार्जिंगला होता. केलेल्या फोनांच्या यादीत सगळ्यात वर – उल्का. रविवारी सकाळी. त्याच्या आदल्या रविवारीही उल्का. त्याच्याही आदल्या! मी देवळात जाते तेव्हाची वेळ.

उल्का! जिने भर गटात लिहिलं होतं, "दमयंतीचे समाचार म्हणजे वसतिगृहातल्या नोटिसा." होते मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, त्यात लाजायचं काय?

आता सगळं जुळतं. ती खोटी सूत्रं सांगते, हे मला वाचून दाखवतात, मी त्यावर लिहिते आणि गट हसतो. माझं हसं करायला घरातलाच माणूस!

जेवताना पान समोर आदळलं. ह्यांनी ताक वाटीबाहेर ओतलं. ते पुसलं नाही मी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज लिहिणार नव्हते. तरी लिहिते.

बँकेत जायचंय म्हणून निघाले. ह्यांनीच स्कूटरवरून बाजारात सोडलं. हे वळून गेल्यावर सरळ उल्काचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्या विचारलं, "रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याशी तुझं काय काम असतं?"

ती हसायलाच लागली. "अगो, या वयात माझ्यावर कुणी संशय घेतलान! बरं वाटलं जिवाला."

मी हसले नाही. मग तिचा चेहरा उतरला.

"भाऊजींनी अजून सांगितलं नाही तुला? दिवाळी झाली की सांगतो म्हणाले होते."

"काय सांगायचंय?"

"त्यांना वाचता येत नाही गो. अक्षर दिसतच नाही त्यांना."

मी बसले. मग तिनेच सगळं सांगितलं.

मी देवळात गेले की हे तिला फोन लावतात. ती सगळी सूत्रं दोनदा वाचते. दोनदा – संथा! मग मी आले की हे अर्धा कागद डोळ्यांसमोर धरून तिसऱ्यांदा म्हणतात. एखादं निसटलं तर जागच्या जागी नवीन रचतात.

"रचतात? उत्तर माहीत नसताना? की तू सांगतेस उत्तरं?"

"मी? माझं वाचून व्हायच्या आत भाऊजींचं उत्तर तयार असतं! मी त्यांचं ऐकून भरते. नाहीतर मी कसली गटात पहिली येत्ये?" मग हळूच म्हणाली, "काजव्यावर तू एवढी खूश झालीस, मला तोंडच उघडवेना."

ह्यांना कोड्यात गती नाही! हे मीच लिहिलंय. याच वहीत, रविवारी.

उठले. चप्पल घालताना ध्यानात आलं – मी इथवर आले कशावरून? स्कूटरवरून! "समोर रिक्षा थांबलीय का गो?" "डावीकडचा खड्डा बुजवलान का?" असं हे रोज विचारतात आणि मी मागून ओरडते – थांबा! वळा! हळू! मला वाटायचं मी शिस्त लावतेय. अहो, माझ्या ओरडण्यावर गाडी चालत होती! आणि मला सोडून परत जाताना कोण ओरडत होतं? फाटकाच्या दगडी गडग्याला घासून स्कूटरचा रंग गेला, तेव्हा चिऱ्याला बोल लावला होता ह्यांनी. मी मानलं.

खोटं बोलणारी मुलगी मी नुसत्या पावलांवरून ओळखायची.

उल्काला बजावलं – बोलू नको. रविवारी नेहमीसारखं वाच.

रिक्षाने घरी आले. स्कूटर फाटकाच्या आत उभी होती. तिला हात लावून पाहिला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात. हे शोधत होते. मी शोधू दिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

मी दुष्टपणा केला. कोड्याचं पान बाजूला ठेवलं आणि ह्यांच्या हातात निधनवार्तांचं पान दिलं.

हे ऐसपैस बसले. कागद नीट केला, घसा खाकरला. "एक आडवे..." आणि सुरू! कुठे अडखळणं नाही. मध्येच कागद जरा लांब धरला, चष्मा पुसला. मृतांच्या फोटोंवर नजर ठेवून हे मला कोडं वाचून दाखवत होते. खडखडीत, सुंदर. मी एकही अक्षर भरलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हटलं, "अहो, हातात काय आहे तुमच्या?"

"कोडं."

"निधनवार्ता आहेत."

ह्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "ओळखीचं कुणी गेलंय का?"

मला हसू फुटलं. आणि हसू आल्याचाच संताप आला. कागद ओढून घेतला. खूप बोलले. स्कूटरबद्दल तर नको नको ते बोलले. मेला असतात म्हटलं, मलाही मारलं असतंत! ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू आपली आपण वाचली असतीस. मग रविवारी मी काय करायचं? आठवडाभर तू बोलत्येस, मी ऐकतो. तेवढा एक तास मी बोलतो आणि तू ऐकत्येस."

मी पेन्सिल ठेवून दिली.

कोडं तसंच राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. वयाने मुलगीच आहे, पण हुशार वाटली. म्हणाली, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतं. म्हणून घरात वावरतात ते कळत नाही कुणाला. गेलं ते परत येणार नाही. आहे ते टिकवायला इंजेक्शनं.

"वाचणं कधीपासून बंद आहे आजोबा?"

"गेल्या आंब्यापासून."

गेल्या आंब्यापासून! पेट्या भरताना मी ह्यांना पत्ते वाचायला सांगत होते आणि हे वाचत होते. तेही पाठच असणार.

"वाचता येत नाही, आणि चेहरे?" मी विचारलं.

"समोरून नाही दिसत नीट," डॉक्टर म्हणाली.

रिक्षात बसलो. मग मी विचारलंच. "माझाही?"

"तुझा पाठ आहे," हे म्हणाले. "रागावलेला तर दोन्ही बाजूंनी."

गुरुवार, २० नोव्हेंबर

गटावर लिहिलं – चौदा उभे चकव्याचं नव्हे, आमच्या ह्यांचं. गुण कायम. राजश्रीची क्षमा मागते.

उल्काने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिलाही एक पाठवलं. उगीच बाकी नको राहायला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज पान फाडलं नाही. म्हटलं, मी वाचते, तुम्ही सांगा. "छे, सोडवायचं तूच. मी ऐकतो," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मी वाचत गेले, भरत गेले. सतरा आडव्याला अडले. "तेजापाठोपाठ हत्ती, तव्यावर फुगतं. (३)" पुन्हा वाचलं. काही सुचेना.

हे उठले. भिंतीला हात लावत माठापाशी गेले, पाणी प्यायले.

"नाचणीचं पीठ आहे ना गो घरात?"

"अहो, मध्ये बो–"

पेन्सिल हातातून पडली. भा म्हणजे तेज, करी म्हणजे हत्ती – भाकरी. आणि आठवडा अडला तेव्हाचा तो वडेवाला! आणि त्याच्याआधी – लग्नापासूनचे सगळे रविवार, प्रत्येक वेळी माठापाशी जाणं, प्रत्येक वेळी मी गप्प बसवणं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"मला तहान लागते, एवढंच," हे म्हणाले. "पुढचं वाच."