चार गावांचा बंब

४ मार्च १९७३
चार गावांची मिळून अग्निशमन समिती झाली. चेअरमन मी. एकमताने. (बेलवाडीचे महारुद्र पाटील तेवढ्यात बाहेर गेले होते.) उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चहा एकदाच. बिडी बंद. आगीच्या समितीचा चेअरमन बिडी ओढतो, हे शोभत नाही.

९ मार्च
आठला उठलो. जबाबदारीने झोप लागत नाही. लिलावातला जुना बंब आला. वर्गणी कुणी रोख देईना, म्हणून वाटे पाडले. बेलवाडीची बॅटरी, चिंचोळीचे टायर, खालच्या वाडीचा पाइप. सांगाडा आणि घंटा आमच्या गावाची. झेडपीचं अनुदान येणारच आहे. प्रस्ताव वर गेलाय. किती वर, ते कोणी सांगत नाही.

१३ मार्च
बैठक. भांडण. बंब आमच्या गावात उभा राहणार म्हटल्यावर तिन्ही गावं बिथरली. चिंचोळीचे कल्याणप्पा म्हणाले, आमच्या टायरवर तुम्ही वऱ्हाडं न्याल. मी जागच्या जागी तोडगा काढला. ज्याने जे दिलं ते त्याने आपल्या घरी ठेवावं, आग लागली की आणून जोडावं. दोन साक्षीदारांच्या सहीशिवाय भाग हलवायचा नाही. टाळ्या पडल्या. असं डोकं खरं तर मुंबईत पाहिजे होतं.

२० मार्च
ड्रायव्हर गुंडाप्पा येईना. त्याचा पगार कुठल्या गावाच्या वाट्याचा, हे ठरवायचं राहिलं होतं. तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. पुढच्या बैठकीत घेऊ. बंब दगडांवर उभा आहे, पण देखणा दिसतो. टाकी कोरडी. माणसांना पाणी नाही, बंबाला कुठलं.

३ एप्रिल, दुपारी
घरात जीव रमत नाही. उठतो, बसतो, बंबाला फेरी मारून येतो. सगळ्या गावाची गुरं छावणीत गेली. आमची बैलजोडी तेवढी दावणीला आहे, परड्यातल्या कडब्याच्या गंजीच्या जिवावर. पावसापर्यंत पुरेल. चेअरमनचे बैल छावणीत जाणार नाहीत, असं बायकोला, मथुराला, ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, गंजीमागं बिडीची थोटकं सापडतात. गड्याला दम देतो म्हणालो. (दिवसाला एकच ओढतो. योजना आखायला लागते.)

१९ एप्रिल
गंज पेटली. भर दुपारी. मी नुकताच तिथून उठून आत आलो होतो.
घंटा वाजवली. तिन्ही गावांना सायकली पिटाळल्या. महारुद्र पाटील मुरुमच्या बाजाराला, बॅटरीच्या खोलीला कुलूप. कल्याणप्पा टायर घेऊन बसले होते, पण दुसरा साक्षीदार मिळेना. नियम तुमचाच, म्हणाले. पाइप आडाच्या पंपाला जोडलेला. मी घंटा वाजवतच राहिलो, दुसरं हातात काही नव्हतं. मथुराने बैल सोडले. तिने आणि शेजारच्या बायांनी माती टाकून टाकून गोठा वाचवला. गंज गेली. रडू आलं. धूर फार होता.

२० एप्रिल
तिन्ही भाग संध्याकाळी पोचले, सह्यांसकट. आगीच्या कारणासाठी चौकशी समिती नेमली. चेअरमन मीच. पहिला अंदाज, ऊन. मथुराने माझा बिडीचा कट्टा काढून चुलीत टाकला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "आता बैलांला काय सांगू? कमिटी बसली म्हणून?"

२२ एप्रिल
पहाटे पाचला उठलो. पहिल्यांदाच. बैल छावणीत नेले. मथुरा कासरा धरून पुढे, मी मागे.
छावणीचा कारकून धुळाप्पा म्हणाला, चेअरमनसाहेब, तुम्ही कसे इकडं? गंज जळाली म्हणालो. त्याने वहीतून मान वर केली. "अवो, तुमच्या गावात बंब हाय न्हवं?"
आहे, म्हणालो. थोडा.