‘जाते’ म्हणालेली मुलगी

ती. ताईस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण त्यांचं आपसात पटत नाही असं तू लिहिलं होतंस. मी बरी आहे. अब्रू तेवढी जरा लंगडते आहे.

निवृत्तीनंतर मी विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलींना रुळवायचं काम घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. दारावर ‘केव्हाही या’ अशी पाटी लावली. दहा दिवसांत दोघी आल्या. एक चार्जर मागायला, दुसरी न्हाणीघर समजून. तळमजल्यावरची एक मात्र कुणाशीच बोलत नाही (मुली तिला ‘म्यूट’ म्हणतात). तिने शनिवारचं तिकीट काढलं आहे, घरी कायमचं परत जायचं. तिला कसंही करून थांबवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मंगळवारी दुपारी मी केसांना कलप लावून बसले होते, तर ही दारात. हातात भलंमोठं गाठोडं, डोळे लाल. म्हणाली, “मावशी, जाते मी.” आता तूच सांग! ‘जाते’ म्हटलं की आई आपल्याला उंबऱ्यातून परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावायची. (मी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनाही ‘येते’ म्हणायचे, त्या बिचाऱ्या वाट बघत बसायच्या.) मला वाटलं, ही शनिवारची वाट न बघता आजच निघाली. चपला सापडेपर्यंत ती दिसेनाशी झाली, तेव्हा मी तशीच धावले. मागे पहारेकरी, ग्रंथपालबाई आणि प्रात्यक्षिक सोडून आलेल्या सोळा मुली. बसथांबा पालथा घातला. शेवटी ती सापडली वसतिगृहाच्याच मागे, कपडे धुण्याच्या यंत्रापुढे. गाठोड्यात चादरी होत्या आणि डोळ्यांत साबणाची पावडर गेली होती.

“अगं, ‘येते’ म्हणावं!” मी धापा टाकत ओरडले.

“पण मावशी, मी तर जात होते ना,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा खिदळली. “कानावरून काळं ओघळतंय हो!” सोळाही जणी हसल्या, तिच्याभोवती जागा मिळेल तिथे बसल्या, आणि मला कुणी स्टूलसुद्धा दिलं नाही. तिकिटाचं विचारलं तर म्हणाली, “बघू.”

तुझी,
धाकटी

ता. क. तिच्या वयात हॉस्टेलमध्ये मी एक दिवसही रडले नाही, असं तिला ठणकावून सांगितलं आहे. तिचा विश्वास बसत नाही. माझी तेव्हाची पत्रं तुझ्या ट्रंकेत असतील, ती पाठव. ‘मला न्यायला या, इथली उशीसुद्धा माझ्याशी नीट वागत नाही’ असं लिहिलेलं तेवढं काढून ठेव.

ता. क. २. काढून ठेवू नकोस. तेच आधी पाठव, हे पत्र आणणाऱ्याच्याच हाती. शुक्रवारच्या आत पोचायला हवं.