खापरचं टोकियो

२६ ऑक्टोबर
शहाद्याची काजल फोनवर म्हणाली — "आम्ही वर नई येवावूत. ते मैदान शे का घसरगुंडी?"
गेल्या हंगामात सपाटीवरचा पोरींचा फुटबॉल कप तिच्या टीमने जिंकला, डोंगरातला माझ्या. आता चँपियन विरुद्ध चँपियन व्हायचं, तर राणीसाहेब डोंगर चढायला तयार नाहीत! मला सामना इथेच हवाय. बा दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो आणि आमचे सामने नेमके त्यानंतर असतात. सहा वर्षं खेळतेय, त्याने एकदाही पाहिलं नाही. यंदा ट्रक नऊ तारखेला.

२८ ऑक्टोबर
टेकडीवर चढून रेंज पकडली, दोन तास वाचलं. युरोपचा चँपियन आणि दक्षिण अमेरिकेचा चँपियन — १९६० पासून असाच सामना. एकदा तुमच्या घरी, एकदा आमच्या. मारामारी तर केवढी! १९६७ ला एकाच सामन्यात सहा जणांना बाहेर काढलं. मग सत्तर सालानंतर युरोपचे चँपियन तिकडे जायलाच नको म्हणू लागले. नाचता येईना अंगण वाकडं — काजल काही पहिली नाही.
खरी गंमत पुढे. चँपियन गेला नाही, की उपविजेता जायचा. १९७४ ला तर तो उपविजेता कप जिंकून आला!

२९ ऑक्टोबर
काजलला फोन. आवाजात साखर घोळली — "ताई, तुम्ही नका त्रास घेऊ. रनाळ्याच्या पोरी तुमच्याकडच्या उपविजेत्या ना, त्यांना बोलावते. जगात तोच रिवाज आहे."
मग — "रनाळा? त्यास्ले आम्ही चार गोल मारेल शेतस!"
फोन कट. मला झोप छान लागली.

१ नोव्हेंबर
रनाळ्याच्या पोरींची परीक्षा. येत नाहीत. काजलला कळलंच. मेसेजमध्ये हसणारी तीन तोंडं.

२ नोव्हेंबर
बा कोयत्याला धार लावत होता. म्हटलं, एक दिवस उशिरा गेलास तर? "उखा मुकादमाला विचार," म्हणाला. उखाला वाटतं ऊससुद्धा त्याला विचारून वाढतो.

३ नोव्हेंबर
पुन्हा टेकडी. त्या दोन खंडांनी भांडण कसं मिटवलं माहितीय? १९८० पासून ना तुमचं मैदान ना आमचं — दर वर्षी एकच सामना, टोकियोत.
आमचं टोकियो म्हणजे पायथ्याचं खापर गाव! डांबरी रस्ता, काजलला बस. आणि आमच्याकडून गुजरातला जाणारे ट्रक खापरला चहासाठी थांबतात. मैदान रस्त्याला लागूनच.
काजलला एवढंच सांगितलं, नऊ तारीख, दुपारी तीन. ट्रकचं नावही काढलं नाही.
"चाली," म्हणाली बिचारी.

९ नोव्हेंबर
ट्रक आला साडेतीनला. बा ट्रकच्या पायरीवर उभा, एका हाताने दार धरून. मला मैदान दिसेना, तोच दिसत होता. दोन सोपे चान्स घालवले.
शेवटची पाच मिनिटं. शून्य-शून्य. बॉल काजलच्या पायात. तेवढ्यात ट्रककडून शिट्टी! मुकादम अशीच वाजवून माणसं गोळा करतो. काजलला वाटलं रेफरीची. ती थांबली, मी नाही. बॉल काढून घेतला आणि गोल!
काजल खूप भांडली. रेफरी गोकुळ सर म्हणाले, "शिट्टी माझी नव्हती. गोल."
कप आमचा. वळून पाहिलं तर ट्रक निघालेला. शिट्टी झाल्यावर बा आत चढला असणार. गोल पाहिला की नाही, काय माहीत. कप हातात आणि रडू आवरेना. पोरींना वाटलं आनंदाने रडतेय.

११ नोव्हेंबर
बाचा फोन, कुणाच्या तरी मोबाइलवरून. आधी तेच विचारलं, गोल पाहिलास का?
हळूच म्हणाला, "उखा तिकडे चहा पीत होता. त्याची शिट्टी ट्रकच्या आरशाला लटकलेली. मीच वाजवली. त्या खालच्या पोरीला सांगू नकोस."