पानासकट वजन

२३ नोव्हेंबर २००४, मंगळवार

पासवर्ड मला दिला! मला! कॉन्रॅड सर नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून कॉम्प्युटरवरचं फायलिंग एलिना करेल." शेजारी बसणाऱ्या स्वप्नाने टेबलाखालून चिमटा काढला. मी नुसती मान हलवली.

आतापर्यंत आमच्या क्लिअरिंग ऑफिसातून कोणीतरी कागद घेऊन न्हावा शेवा बंदराला जायचं, रांगेत उभं राहायचं, मग तिथला माणूस सगळं टाइप करायचा. आता वसईत बसून आपणच भरायचं – माल काय, कोणाचा, किती, कुठे चालला – आणि पाठवायचं. कस्टमकडून नंबर येतो. तो नंबर नसेल तर एक खोका बंदरात शिरत नाही.

पासवर्ड कुठेही लिहायचा नाही. वटारच्या बसमध्ये मनात घोकत आले. संध्याकाळी रोझरी म्हणताना 'नमो मरिया'च्या मध्येच तो आला. देवा, माफ कर!

२४ नोव्हेंबर

सराव. तीनदा लाइन तुटली, एकदा वीज गेली. स्वप्ना म्हणे, "एवढा घाम? बाळंतपण आहे का यार!"

२५ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं काम कोणतं, तर सुकेळी, आपली वाळवलेली केळी! आमच्या वटारच्या बागायतदारांच्या सोसायटीची. सोसायटीत बाबाही आहेत. वटारचाच जॅक्सन, त्याचं बहारीनला दुकान आहे. तिथे आपली वसईची किती माणसं नोकरीला! त्यांना नाताळात सुकेळी खायला घालायची. बोट बुधवारी सुटते. ती चुकली तर पुढची नाताळ उलटल्यावर पोचणार, मग कोण घेतो?

बाबांना सही तेवढी येते. आईला तीही नाही. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबा तीनदा विचारतात, "म्हणजे तू बटन दाबलंस की आपली केळी परदेशात?" मी म्हटलं, "हो." "आणि नाय दाबलंस तर?" "तर नाही." बाबा माझ्या बोटाकडेच बघत राहिले.

२६ नोव्हेंबर

गेलं! सगळं चार वेळा वाचलं, 'दिलेली माहिती खरी आहे' यावर खूण केली, पाठवलं. चहा निवायच्या आत नंबर आला! मी खुर्चीतून उठून उगाचच खिडकी उघडली, परत लावली.

२७ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. आमच्या अंगणात आई, थेरेसामावशी, पॉलिनकाकी उरलेली सुकेळी बांधत होत्या. केळीचं सुकं पान पाण्याने मऊ करायचं, त्यात सुकेळी गुंडाळायची, केळीच्या सोपटाने आवळून मोट बांधायची. हे कायम बायकांचंच काम, मजुरीही त्यांचीच. आईसारखी गच्च मोट गावात कोणाची नसते.

मीही बांधायला बसले. मोटेला पानावर पान चढत होतं आणि मी एकदम हात थांबवला.

"बाबा, सोसायटीत वजन कसं केलं?"

"कसं म्हणजे? मोटा काट्यावर ठेवल्या."

"पानासकट?"

"पानाशिवाय सुकेळी असते का, बाय?"

नसते. म्हणून तर मलाही सुचलं नाही! निव्वळ वजन म्हणजे नुसता माल, वेष्टन सोडून. मी पानासकटचं लिहिलं. पानाचा उल्लेखच नाही, नुसते पुठ्ठ्याचे खोके लिहिले. आणि खाली – माहिती खरी आहे.

२८ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिसाला लक्ष नव्हतं.

२९ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. सर म्हणाले, "पान सोलून वजन करायला कोण बसलंय?" स्वप्ना म्हणाली, "तुझ्यासारख्या दहाजणी कस्टमात असत्या ना, देशात खोका हलला नसता!" मी म्हटलं, "सर, मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती." 

दुरुस्ती मागायची तर कस्टमचे साहेब खोके उघडायला लावणार. बोट परवा. बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "शिकवलं म्हणून हे?" आणि फोन ठेवला.

 संध्याकाळी निघताना सर म्हणाले, "सकाळी लवकर ये. बंदरावर तू पण चल. गोंधळ तुझा आहे, तूच समजावून सांग."

३० नोव्हेंबर

बंदर! एवढ्या उंच क्रेन – मान दुखेपर्यंत बघितल्या! कंटेनर काड्यापेट्यांसारखे उचलत होत्या.

अधिकारी बाई होत्या, कपाळाला आठी. त्यांच्यापुढे मोट सोडली. "हे काय, कचरा?" "नाही मॅडम, पान. यातच सुकेळी मुरते, मऊ राहते. आमच्याकडे हे सोडून कोणी तोलतच नाही, म्हणून चुकले." बाईंनी वास घेतला. म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतःहून आलात?" सर छताकडे बघत होते.

काही मोटा सोडून तोलल्या – पान वेगळं, सुकेळी वेगळी. निव्वळ वजन दुरुस्त झालं, पानाची वेगळी ओळ आली. शिक्का बसला! गाडीत सर म्हणाले, "वडापाव खाणार?" त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं!

१ डिसेंबर

सुटली बोट! सुटली, सुटली, सुटली! बाबा सायकलवरून अख्ख्या वटारात सांगत फिरले. "माझ्या पोरीने साहेबाला पान दाखवलं!"

१३ डिसेंबर

माल पोचला. सोसायटीत पेढे. आईने माझ्या बोटांचा मुका घेतला. मी रडले, काही कारण नसताना.

२० डिसेंबर, सोमवार

जॅक्सनचा ऑफिसात फोन. सुकेळी संपली, दुकानात एक उरली नाही! आता दर महिन्याला हवी, तिप्पट! मी टेबलावर हात आपटला. मग तो म्हणाला, "तुझ्या कागदावरून कळलं गो, पानाचंच केवढं वजन येतं. पानाचं भाडं कशाला भरू? पुढच्या वेळेपासून पान नको. प्लास्टिकची पाकिटं करा. मशीन मी पाठवतो."

घरी आले. तिप्पट ऑर्डरची बातमी माझ्याआधी पोचलीय, पान नको हे अजून नाही. आईने नव्या ऑर्डरसाठी पानं गोळा करायला घेतलीत, थेरेसामावशी आणि पॉलिनकाकी उद्या सकाळीच येणार आहेत.