धोतराचा सोगा

पवनी,
९ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप तेजरामदादास,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, चंद्रकांताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर मी बोलत राहते आणि तू नुसतं हॅलो हॅलो करतोस, म्हणून पुन्हा कागदावर आले. धनंजयचा टेम्पो आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन तुमसरकडे येतो, त्याच्याच हाती हे पत्र देते. कान तपासून घे असं दर पत्रात लिहिते, ते यातही लिहिलं आहे असं समज.

गुडघ्याचं ऑपरेशन पक्कं झालं. पाच डिसेंबर, नागपूर. त्यानंतर योगेंद्र मला इथं एकटी राहू देणार नाही. आई, पवनीचं घर बंद कर आणि कायमची माझ्याकडे ये, असं त्यानं बजावलं आहे. मुलाचं मन मोडवत नाही आणि घराला कुलूप लावणंही जिवावर येतं.

पण खरी काळजी वेगळीच आहे. दसऱ्याच्या सुमारास गोसीखुर्द धरणाकडच्या एका पुनर्वसन गावात बारशाला गेले होते. परतताना पाण्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांत एक कुत्री अडकलेली दिसली. गळ्यात जाळ्याचा नायलॉनचा दोरा रुतला होता. विळा मागून घेतला, दोरा कापला आणि तिला पिशवीत घालून घरी आणली. मोठ्या मांजराएवढी असेल. जखम भरली तशी बाईसाहेब अशा काही सुटल्या, की सकाळी अंगणाच्या तीस-चाळीस फेऱ्या मारल्याशिवाय खाली बसत नाहीत. म्हणून नाव भिंगरी. दारात कोणी आलं किंवा चुलीवर दूध वर यायला लागलं, की माझा पदर धरून ओढते. दोन पातळं फाडली तिनं.

इथं चार घरी विचारलं, कोणाला नको आहे. योगेंद्रच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नाही. महिनाअखेरपर्यंत घर नाही मिळालं तर जिथून आणली तिथंच सोडून येऊ, असं तो म्हणतो. तो दुष्ट नाही, त्याचीही अडचण आहे. पण धरणाच्या रस्त्यावर मोठ्या कुत्र्यांची टोळी असते. ही तिथं दोन दिवस टिकायची नाही, दादा.

मोत्या गेल्यापासून तुझं अंगण रिकामं आहे. भिंगरी स्वभावानं शांत आहे, उगाच भुंकत नाही. तू ठेवतोस का? नाही म्हणायच्या आधी एक रात्र विचार कर.

तुझा लोभ आहेच. त्यातला थोडा या चार पायांच्या पाहुणीकडे सरकव.
तुझी चंद्रकांता

*

आंबागड,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रकांतास,
तेजरामचे अनेक आशीर्वाद.

एक रात्र विचार केला. माझ्या दारात कुत्रं बांधायचं नाही. कारण विचारू नकोस.

धान कापून झालं की किल्ल्याकडून बिबट खाली उतरतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. यंदा तो शेवटच्या घरांपर्यंत येतो. शेजारच्या शकुनबाईची शेळी गेली. तीस वर्षं जंगलखात्यात चौकीदारी केलेला माणूस मी, आता दिवेलागणीला दाराला कडी लावून बसतो.

पण तुझं लिहिणं वाचून स्वस्थ बसवलं नाही. आपल्या तलावात मासेमारी करणारा बुधराम राखणीला कुत्रं शोधतो आहे. त्याची बायको बायाबाई अंगणात मासळी वाळत घालते आणि मांजरं ती पळवतात. घर तलावाजवळ, वस्तीच्या मधोमध आहे, म्हणजे बिबटाचं भय कमी. शांत आहे असं तू लिहिलंस तेच मी त्याला सांगितलं. धनंजयबरोबर पाठव.

गुडघ्याला जप. जिने चढू नकोस.
तुझा दादा, तेजराम

*

पवनी,
१६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आणि भिंगरी दोन्ही एकदमच पाठवते आहे. टोपलीत माझ्या फाटक्या पातळाचा तुकडा ठेवला आहे, त्यावरच ती झोपते. दूधभात खाते, मासळी तर खाईलच. पहिले दोन दिवस दोरी लांब ठेवा म्हणावं, गळ्याला काही घट्ट लागलं की घाबरते.

टेम्पो निघाला तेव्हा माझ्याकडे पाहत होती. मी आत निघून आले. मुलीची पाठवणी करतानाही मी एवढी रडले नसते. हसू नकोस.

कसं जुळलं ते लगेच कळव. तुझ्या दोन ओळी येईपर्यंत घास उतरणार नाही.
तुझी चंद्रकांता

*

आंबागड,
२० नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रकांतास,
आशीर्वाद.

आज तुझ्यावर रागावून लिहितो आहे. सोयरीक जुळवताना मुलीचं व्यंग झाकावं तसं तू केलंस. शांत आहे म्हणालीस. कुत्री मुकी आहे, हे लिहायला काय झालं होतं?

दुसऱ्याच दिवशी मांजरानं अर्धी मासळी नेली आणि ही तोंड उघडून नुसती हवा काढत राहिली. मग बायाबाईच्या लुगड्याला जाऊन लोंबकळली आणि काठापासून फाडलं. बुधराम तिला टोपलीसकट माझ्या पडवीत आणून बांधून गेला. जाताना मला ऐकू यावं म्हणून कानाशी येऊन म्हणाला, "दादा, हे तं मुकं हाय. मुकं कुत्रं राखण का करन?" गावात माझी मान खाली गेली. धनंजय आला की परत धाडायची, असं ठरवून मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

सकाळी दोरी कुरतडलेली होती. भिंगरी नव्हती. आज दुसरा दिवस आहे. धानाच्या ओल्या बांधीत तिची पावलं किल्ल्याच्या बाजूला गेलेली दिसतात. पुढं झुडपी जंगल आहे.

कारण विचारू नकोस म्हणालो होतो, आता तेही सांगतो. मोत्याला बिबटानं नेलं एवढंच तुला माहीत आहे. तो अंगणात बांधलेला होता आणि मी आत जेवत होतो. सगळं गाव सांगतं, तो पाच मिनिटं भुंकत होता, मला हाका मारत होता. मी तेव्हा दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलं. बाहेर आलो तेव्हा नुसती साखळी होती.

ज्याला कुत्र्याची हाक ऐकू येत नाही त्यानं कुत्रं पाळू नये. आणि आता हे पोर जंगलात आहे, तिला हाक मारता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. शोधायला चांगली जोडी मिळाली. तरी उद्या पुन्हा जातो.

तेजराम

*

पवनी,
२२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तू रागावलास ते बरोबरच आहे. त्या दोऱ्यानं आतून इजा झाली, आवाज परत येणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इथल्या चारही घरांनी ते ऐकूनच नकार दिला. म्हणून पाचव्यांदा मी बोलले नाही. चूक माझी आहे. बायाबाईला माझं नवं पातळ पाठवते आहे, तिची माफी मी स्वतः येऊन मागेन.

मोत्याचं तू इतके दिवस एकट्यानं पोटात ठेवलंस? मला सांगायचं नाहीस? मी रडले, दादा, पण तुझ्यावर रागावले नाही. मोत्याही रागावला नसेल.

मी बसनं येणार होते. योगेंद्रनं गुडघ्याची शपथ घातली. त्यानं आणखी एक म्हटलं ते लपवत नाही, आता लपवणं बंद. गेली ती गेली, आपला प्रश्न सुटला, असं म्हणाला. मी फोनच ठेवून दिला.

आता नीट वाच. ती मुकी आहे, बहिरी नाही. नाव घेतलं की येते. तिला लोकांची भीती वाटते, पण माझ्या पातळाचा वास ओळखते. टोपलीतला तो तुकडा घे, मोकळ्या जागी ठेव आणि हाक मार. तू किती मोठ्यानं बोलतोस ते तुला ऐकू येत नाही. चारचौघांत बोलायला लाजतोस ते ठाऊक आहे मला. पण तुझी हाक किल्ल्याला लागून परत येते. लाज सोड आणि ओरड.

पण अंधार पडायच्या आत घरी ये. भिंगरीसाठी तुला गमावायची माझी तयारी नाही.
वाट पाहणारी,
चंद्रकांता

*

आंबागड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रकांतास,
तेजरामचे अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच आणि मग श्वास घे. भिंगरी सापडली.

तुझं पत्र आल्या दिवसापासून तसंच केलं. आपल्या बांधीत कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचून ठेवलं आहे. त्याच्या बुडाशी पातळाचा तुकडा अंथरला आणि ओरडलो. गावातली पोरं हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनीही हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. मी एकटाच पुंजण्याला टेकून बसलो. ऊन कलून गेलं आणि घसा बसला. अंधाराच्या आत घरी ये, असं तू लिहिलं होतंस. आणखी एक हाक, आणखी एक हाक, असं करत मी थांबलो.

धोतर मागून ओढलं गेलं. काटा लागला असेल म्हणून हात मागं नेला, तर ओलं नाक. हाडं वर आलेली, अंगभर गोखरूचे काटे चिकटलेले. मी उचलून घ्यायला गेलो तर हाती येईना. सोगा दातांत धरून घराच्या दिशेनं ओढायला लागली. मी बस म्हणालो, थांब म्हणालो. पातळाचा तुकडा उचलायला वळलो, तर हिनं असा हिसका दिला की धोतर टर्रकन फाटलं. शेवटी चिडून तिच्या मागं निघालो. घरात शिरलो तेव्हाच तिनं सोगा सोडला.

मग शकुनबाई धापा टाकत आली. माझ्या कानाशी येऊन ओरडली, "दादा, मी माडीवरून आरडून आरडून मेली, पुंजण्यामागं वाघ हाय म्हून. तुमाले काई आयकूच नाई आलं?"

नाही आलं. पुन्हा एकदा सगळ्या गल्लीनं ऐकलं आणि मी ऐकलं नाही. सकाळी पाहिलं तर पुंजण्याच्या पलीकडे बिबटाचे ठसे होते. मी बसलो होतो तिथून सात पावलांवर. पातळाचा तुकडा कुठं गेला कोण जाणे.

मी घरी येऊन मोत्याची साखळी हातात घेतली आणि बराच वेळ रडलो. भिंगरी तेवढ्या वेळात घरात फेऱ्या मारत होती. दोन गाडगी फोडली.

योगेंद्रला सांग, धरणाच्या रस्त्यावर जायचं कारण उरलं नाही. बुधराम काल येऊन, लहान मुलांत रमेल, परत देता का, असं विचारून गेला. मी कान पुढं केला आणि ऐकू येत नाही असं दाखवलं. ऑपरेशनला मी येऊ शकणार नाही, हिला एकटी ठेवता येत नाही. राग मानू नकोस. बरी झालीस की तूच इकडे ये, अंगणात खाट टाकून देतो. धनंजयबरोबर दोन धोतरं पाठव, स्वस्तातली.

पोस्टमन आला, दूध उतू गेलं, शकुनबाईनं हाक मारली, सगळं आता मला कळतं. ती आतच झोपते. निजताना धोतराचा सोगा तिच्या तोंडाशी ठेवतो आणि म्हणतो, काही झालं तर बोलव मले.

आम्हा दोघांवर असाच जीव असू दे.
तुझा दादा,
तेजराम