गार इंजिन

४ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मला हल्ली सगळ्यांचं बोलणं माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तू लिहायला बसलीस ते बरं केलंस. तुझी मामी म्हणते, कान गेले पण भाचीचं अक्षर तरी दिसलं.

टर्बोची जुनी गाडी घ्यायची म्हणतेस. शिकताना माझ्या गाडीचा क्लच जाळलास, आणि आता वेगाची हौस. असो. इतकी वर्षं कंपनीची मालाची व्हॅन रेटलीस, स्वतःची एक तरी पळणारी गाडी हवी, हे मला पटतं. पण टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. तो गेला की जाताना इंजिनालाही घेऊन जातो. मग तू पुन्हा व्हॅनवर, आणि यावेळी हौसही उरणार नाही.

म्हणून आधी बॉनेटवर तळहात ठेव. गार लागलं पाहिजे. गरम असेल तर गोड बोलून घरी ये. निळा धूर येतो का ते गार इंजिन सुरू करतानाच कळतं, आणि ते विकणाऱ्यालाही माहीत असतं. मग ऑइलची पट्टी काढून वास घे, पेट्रोलचा यायला नको. हवेचा पाइप काढायला लाव आणि आतल्या पंख्याला बोट लावून बघ. आत-बाहेर हलता कामा नये. पूर्वी मी नुसतं ऐकून सांगितलं असतं. आता भाजीवाल्याचा भावसुद्धा मामी मला हातवारे करून सांगते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
मामा

११ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गाडी बघितली आणि जीव जडला, हे आधीच कबूल करते. गर्द निळी, बुटकी, माझ्यासारखीच.

विकणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. गाडी त्यांच्या नवऱ्याची. ते पूर्वी शर्यतीत गाड्या चालवायचे. आता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत, वाचाही गेली. दोघं लेकीकडे राहायला चाललेत, तिथे गाडीला जागा नाही. आजारी पडेपर्यंतची सगळी बिलं काकांनी नीट लावून ठेवलीत.

पण बॉनेट गरम होतं. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही गरम. विचारलं तर बाई म्हणाल्या, सकाळी जरा सुरू केली होती, आणि चहात साखर किती ते विचारायला लागल्या. मला त्या लबाड वाटत नाहीत, मामा. काय करू?

मामींना नमस्कार. माया असू द्या, रागावलात तरी.
तुमची बुटकी

१६ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

चहा चांगला म्हणून गाडी चांगली ठरत नाही. दोनदा गरम म्हणजे काहीतरी झाकलेलं आहे. न कळवता सकाळी उजाडता उजाडता जा. आगाऊपणा वाटेल, वाटू दे. मामी म्हणते, स्वेटर घालून जा.

आशीर्वादात कसर नाही.
मामा

२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेले. गॅरेजचं दार उघडं, वरच्या खोलीची खिडकी सताड उघडी. बाई शाल गुंडाळून गाडीत बसल्या होत्या. किल्ली फिरवली आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. निळ्या धुराचा लोट, आणि टर्बोची ती शिटी. मला बघून इतक्या ओशाळल्या की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा, त्या रोज सकाळी काकांना गाडी ऐकवतात. गिऱ्हाइकाला आवडणार नाही असं जावई म्हणाला, म्हणून लपवत होत्या. त्यांनी मला वर नेलं, पलंगापाशी बसवलं आणि पुन्हा खाली जाऊन गाडी सुरू केली. काकांचं दिवसभर काहीच हलत नाही. शिटी ऐकली आणि उजवा हात हलला. बोटांची चिमूट, आणि मनगट डावीकडे वळवतात, पुन्हा पुन्हा. बाई म्हणतात, ते ताल धरतात. माझे डोळे भरून आले.

पट्टीला पेट्रोलचा वास आहे. पंखा हलतो. बाईंना मी काही बोलले नाही. ही गाडी वाचेल का? घेऊ का?

मन जाग्यावर नाही, सांभाळून घ्या.
तुमची बुटकी

२५ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

घेऊ नकोस. ती गाडी रोज थोडी थोडी मरते आहे. गार इंजिनावर जोर, पुरतं तापायच्या आत बंद, त्यामुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ. यात कुणाचं कपट नाही, म्हणून मला कुणाला शिव्याही देता येत नाहीत.

दुसरं लिहू की नको, असं झालंय. कान गेल्यापासून मी माणसांचे हात बघतो. ते मनगट मी आपल्या मनगटाने करून बघितलं. तो ताल नाही गं. ती किल्ली आहे. शर्यतीत गाडी चालवलेल्या माणसाला आपल्या गाडीची शिटी बिघडलेली कळत नसेल? तो रोज सांगतोय, बंद कर.

माझं चुकत असेल. चुकावं असं वाटतं. बाईंना सांग, असं लिहिलं आणि खोडलं. सांगू नकोस, असं लिहिलं, तेही खोडलं. मामीला वाचून दाखवलं तर ती स्वयंपाकघरात गेली, अजून बाहेर आलेली नाही.

माझ्याकडे फक्त आशीर्वाद उरलेत, ते घे.
मामा

३१ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गाडी नको म्हणून सांगून आले. रंग फार भडक वाटतो, असं काहीतरी बोलले. बाई रागावल्या नाहीत, उलट जरा खूशच झाल्या. म्हणाल्या, तेवढेच आणखी काही दिवस यांना ऐकायला मिळेल. निघताना एकदा ऐकून जा म्हणाल्या आणि गेल्या खाली.

मी पलंगापाशी होते. शिटी सुरू झाली. काकांनी खिडकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. आणि मनगट वळलं. मी धावत खाली गेले, म्हटलं, त्यांना झोप येते आहे, बंद करा. त्यांनी बंद केली.

आम्ही दोघी वर आलो तेव्हा काकांचा हात चादरीवर सैल पडला होता, डोळे मिटलेले. बाईंनी चादर सारखी केली आणि मला हळूच म्हणाल्या, बघितलंस, आवाज थांबला की हात थांबतो, एवढा जीव आहे त्यांचा या गाडीत.

मी हो म्हटलं, मामा. उद्या सकाळी त्या परत खाली उतरतील.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आज जास्त लागेल.
तुमची बुटकी